हक्क नसलेल्या वाहिनीने पॅरिस ऑलिंपिक कसे दाखवले: २२ तासांच्या नियोजनाचे एक प्रकरण

हे प्रकरण एका मराठी वृत्तवाहिनीचे आहे. वाहिनीचे आणि तिथल्या माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही. स्पर्धा, खेळाडू, वेळा आणि गुण मात्र खरे आहेत, कारण त्यांच्याशिवाय निर्णय का आणि कसे घेतले गेले हे कळणार नाही.

पार्श्वभूमी

पॅरिस ऑलिंपिक २६ जुलै ते ११ ऑगस्ट २०२४ या काळात झाले. ३२ खेळ, ३२९ पदकस्पर्धा आणि भारताचे ११७ खेळाडू. भारतातले प्रक्षेपणाचे हक्क दुसऱ्या समूहाकडे होते. या वाहिनीकडे होते दोन माणसांचे पॅरिस पथक (बातमीदार आणि कॅमेरामन), जिल्ह्यांतले बातमीदार, पुण्यात एक ब्युरो आणि मुंबईत स्टुडिओ.

वेळेचे गणित मराठी वाहिनीला सोयीचे होते. उन्हाळ्यात पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे तिथली सकाळची सत्रे आपल्याकडे ऐन दुपारी येतात. अडचण फक्त ॲथलेटिक्सची. तिथे रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी सुरू होणारी शर्यत आपल्याकडे मध्यरात्र उलटून १ वाजून १० मिनिटांनी येते.

मे महिन्यात आखलेला आराखडा नावांवर बेतलेला होता. नीरज चोप्रा, पी. व्ही. सिंधू, सात्त्विकसाईराज-चिराग जोडी, हॉकी. महाराष्ट्राच्या खेळाडूंपैकी चिराग शेट्टी आणि तीन हजार मीटर स्टीपलचेसमधला अविनाश साबळे यांच्यावर प्रत्येकी एक पॅकेज, म्हणजे आधीच जोडून ठेवलेली चित्रबातमी, तयार होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसळे यादीत होता, पण ‘इतर’ या रकान्यात. त्याच्या नावासमोर फाइल फुटेजही नव्हते.

हक्क नसताना काय दाखवता येते

पुढचा प्रत्येक निर्णय या चौकटीत बसवावा लागला, म्हणून ती आधी सांगणे भाग आहे.

हक्क नसलेल्या वाहिनीच्या कॅमेऱ्याला स्पर्धेच्या आवारात चित्रीकरण करता येत नाही. तिकीट काढून प्रेक्षक म्हणून आत जाता येते, पण मोबाइलवर घेतलेली दृश्ये प्रसारित करता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे बातम्यांसाठीचे नियम हक्क नसलेल्यांना थोडी जागा देतात. दिवसात तीन बातमीपत्रे, प्रत्येकात जास्तीत जास्त दोन मिनिटे आणि दोन वापरांत तीन तासांचे अंतर. दिवसाची बेरीज सहा मिनिटे. भारतीय कॉपीराइट कायद्यात चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी उचित वापराची सवलत आहे, पण त्या आधारावर तासन्‌तास दृश्ये फिरवत ठेवणे हा उचित वापर होत नाही.

चोवीस तास चालणाऱ्या वाहिनीत ‘बातमीपत्र’ कशाला म्हणायचे, हा वाद विधी विभागाने आधीच मिटवला. सकाळी ७, संध्याकाळी ६ आणि रात्री १० ही तीनच बातमीपत्रे ठरली. इतर कोणत्याही वेळी स्पर्धेचे चित्र पडद्यावर जाणार नाही, असे पीसीआरमध्ये, म्हणजे प्रसारणाच्या नियंत्रण कक्षात, लेखी लावले. हा निर्णय उत्तम होता. नियम माणसाच्या डोक्यात असला की पदकाच्या क्षणी तो विसरला जातो. तो स्वीचरच्या, म्हणजे पडद्यावरचे चित्र बदलणाऱ्या यंत्राच्या, शेजारी चिकटवलेला असला की हात थांबतो.

गुण ही मात्र वस्तुस्थिती असते. कोणाला किती गुण मिळाले हे सांगण्यावर कोणाची मक्तेदारी नाही. अधिकृत निकाल-संकेतस्थळावरून गुण वाचून ते स्वतःच्या ग्राफिक्समध्ये मांडणे पूर्णपणे मोकळे होते. घरचे, गावातले, सरावाच्या मैदानावरचे चित्र तर वाहिनीचे स्वतःचेच. म्हणजे हक्क नसलेल्या वाहिनीची खरी मालमत्ता पॅरिसमध्ये नव्हती, ती महाराष्ट्रात होती. मे महिन्याच्या आराखड्यात नेमकी हीच गोष्ट निसटली होती. खर्चाचा मोठा वाटा पॅरिसच्या हॉटेलांवर गेला आणि जिल्ह्यांतल्या लाइव्ह किटसाठी, म्हणजे थेट प्रसारणाच्या साहित्यासाठी, जवळपास काहीच उरले नाही.

अडचण: ३१ जुलैची दुपार

३१ जुलैला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने अशा तीन स्थितींतल्या नेमबाजीची) पात्रता फेरी झाली. स्वप्नीलने ५९० गुण घेतले आणि सातव्या क्रमांकाने आठ जणांच्या अंतिम फेरीत शिरला. दुसरा भारतीय ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर एका गुणाने मागे, ५८९ वर राहिला आणि अकरावा आला. अंतिम फेरी दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, आपल्या वेळेनुसार दुपारी १ वाजता. हातात जेमतेम २२ तास.

त्या क्षणी परिस्थिती अशी होती:

पॅरिस पथक पॅरिसमध्येच होते, पण नेमबाजी पॅरिसमध्ये नव्हतीच. ती सुमारे २७० किलोमीटर दक्षिणेला, शातोरूला होती. १ ऑगस्टला पॅरिसमध्ये भारताची हॉकी लढत बेल्जियमविरुद्ध दुपारी दीडला आणि सात्त्विक-चिरागची उपांत्यपूर्व फेरी दुपारनंतर होती.

कोल्हापूर पुरात होते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली होती. जिल्ह्यातली एकमेव ओबी व्हॅन (उपग्रहावरून थेट प्रसारण करणारी गाडी) आणि एक बॅकपॅक युनिट (मोबाइल नेटवर्कवरून थेट चित्र पाठवणारे, पाठीवर नेता येणारे यंत्र) पुराच्या बातम्यांना जुंपलेले होते.

ग्राफिक्स विभागाकडे नेमबाजीचा जो साचा होता तो १० मीटर प्रकाराचा. स्टुडिओतल्या पाहुण्यांची यादी बॅडमिंटन आणि हॉकीची.

समोर असलेले पर्याय

दुपारी साडेतीनच्या बैठकीत चार गोष्टींवर वाद झाला.

*पॅरिस पथक शातोरूला पाठवायचे का?* पाठवले तर ते नेमबाजीच्या रेंजच्या बाहेर उभे राहणार, आतले काहीच मिळणार नाही. न पाठवले तर बॅडमिंटन आणि हॉकीच्या बाहेरही तीच स्थिती. फरक एवढाच की पदक मिळाले तर त्या गावात मराठी बोलणारा बातमीदार असणे याला किंमत होती, आणि बॅडमिंटनची जोडी जिंकली असती तरी त्या दिवशी पदक मिळणार नव्हते. २६ जुलैच्या पहाटे फ्रान्सच्या वेगवान रेल्वेमार्गांवर जाळपोळ झाली होती, म्हणून डेस्कला गाडीची धास्ती वाटत होती. पण शातोरूची गाडी ऑस्टरलिट्‌झ स्थानकातून जुन्या साध्या मार्गाने जाते, त्या मार्गाला धक्का लागलेला नव्हता. हे कळायला पथकाला फक्त एक फोन लागला. नकाशा आधीच उघडून बसले असते तर तोही लागला नसता.

*ओबी व्हॅन पुरावरून काढायची का?* इथे बैठकीत खरी ओढाताण झाली. एका बाजूला महाराष्ट्राच्या खेळाडूला ७२ वर्षांनी मिळू शकणारे वैयक्तिक पदक, दुसऱ्या बाजूला लोकांना रस्ते बंद आहेत की सुरू हे सांगणारी एकमेव सॅटेलाइट जोडणी. संपादकांनी ओबी पुरावरच ठेवली आणि फक्त बॅकपॅक कांबळवाडीला धाडले. आमच्या मते हा निर्णय योग्य होता, जरी त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

*कॅमेरा घरात लावायचा की गावात?* घरात लावला तर चेहरे जवळून मिळतात. पण अंतिम फेरी चालू असताना घरच्यांवर चार वाहिन्यांचे दिवे सोडणे माणुसकीला धरून नाही, आणि टीव्हीचा पडदा चौकटीत आला तर हक्कांचाही प्रश्न येतो. चौकात लावायचे ठरले. घरच्यांशी बोलायचे ते निकालानंतर, तेही ते तयार असतील तर.

*दुपारी १ ते २ अँकरने काय बोलायचे?* चित्र नाही, फक्त आकडे आहेत. तासभर आकड्यांवर प्रेक्षक टिकतो का? स्टुडिओत रायफलचा जाणकार असेल तरच टिकतो, यावर एकमत झाले. पुण्याच्या ब्युरोला बालेवाडीच्या रेंजवरून सकाळी नऊपर्यंत एक माजी रायफल नेमबाज शोधायला सांगितले.

काय केले

*ग्राफिक्स.* सगळ्यांत जास्त मेहनत इथे पडली. ५० मीटर थ्री पोझिशन्सची अंतिम फेरी १० मीटरसारखी नसते. पॅरिसमध्ये क्रम असा होता: आधी गुडघ्यावर १५ फैरी, मग झोपून १५, मग उभ्याने. उभ्याच्या पहिल्या दहा फैरी, म्हणजे एकूण ४० झाल्या की आठवा आणि सातवा बाद. त्यानंतर एकेक फैर, प्रत्येक फैरीनंतर एक जण बाद. ४१ ला सहावा, ४२ ला पाचवा, ४३ ला चौथा, ४४ ला कांस्य, ४५ व्या फैरीला सुवर्ण आणि रौप्य.

हे मांडताना जाणकार पाहुण्याने सकाळीच एक गोष्ट लक्षात आणून दिली: पदक ४४ व्या फैरीला नव्हे, ४३ व्या फैरीला पक्के होते. चौथा बाद झाला की उरलेल्या तिघांच्या गळ्यात काही ना काही पडणारच. म्हणून ‘पदक निश्चित’ आणि ‘कांस्य’ / ‘रौप्य’ / ‘सुवर्ण’ अशा दोन वेगळ्या पट्ट्या तयार ठेवल्या. ही बाब माहीत नसलेल्या डेस्कने एक फैर उशिरा बातमी फोडली असती.

गुण दशांशात असतात, १०.४ चे १०४ व्हायला अर्धा सेकंद पुरतो. म्हणून एकाने टंकायचे, दुसऱ्याने निकाल-संकेतस्थळाशी ताडून मोठ्याने ‘बरोबर’ म्हणायचे आणि मगच पट्टी हवेत सोडायची. साचा आधी पात्रता फेरीच्या आकड्यांवर दोनदा चालवून पाहिला. पहिल्या वेळी क्रमवारी एकूण गुणांऐवजी शेवटच्या मालिकेवर लागत होती, ते तिथेच दुरुस्त झाले.

*शब्दरचना.* पदक मिळाले तर काय लिहायचे हे रात्रीच ठरवले. ‘महाराष्ट्राचे पहिले पदक’ लिहायचे नाही, कारण कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीत कांस्य जिंकले होते. ठरलेले वाक्य: ‘खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक’. खाशाबांवरचा दीड मिनिटाचा तुकडा रात्रीतून कापून ठेवला. स्वप्नीलची ओळखही तपासून लिहिली: नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस, प्रशिक्षिका दीपाली देशपांडे यांची शिष्यपरंपरा.

*कांबळवाडी.* पथक १ ऑगस्टला सकाळी लवकर निघाले. कोणता रस्ता पाण्याखाली आहे हे पूरवार्तांकन करणाऱ्या सहकाऱ्यालाच माहीत होते, मार्ग त्यानेच सांगितला. सोबत बॅकपॅक, चार वेगवेगळ्या सिमकार्डांचा संच, कॅमेऱ्याच्या तीन व्ही-माउंट बॅटऱ्या, एक छोटे इन्व्हर्टर, कॅमेऱ्याला पावसाचे कव्हर आणि दोन हँडमाइक. पोहोचताच चाचणी घेतली तेव्हा ५ एमबीपीएसच्या आसपास वेग मिळाला. हाय डेफिनिशनसाठी तो पुरेसा आहे.

कॅमेरा अशा कोनात लावला की टीव्हीचा पडदा पाठमोरा राहील आणि पाहणारी माणसे समोर येतील. हँडमाइक बातमीदाराच्या तोंडाशी ठेवायचा, कॅमेऱ्याचा माइक बंद. कारण टीव्हीवरची कॉमेंट्री लाइव्हमध्ये आली तर तेही दुसऱ्याच्या हक्काचे प्रसारण होते.

*उशीराचे गणित.* हा मुद्दा बहुतेक नियोजनांत राहून जातो. एकच फैर वेगवेगळ्या वाटांनी वेगवेगळ्या वेळी पोहोचते. निकाल-संकेतस्थळ बहुधा सर्वांच्या पुढे, डीटीएचवरचा टीव्ही काही सेकंद मागे, मोबाइल ॲपवरचे प्रसारण त्याहूनही मागे, कधी अर्ध्या मिनिटाच्या पुढे. वर बॅकपॅकचा स्वतःचा डिले. म्हणजे गावकऱ्यांना कळण्याआधी डेस्कला कळणार, आणि अँकर बोलून गेला तर तो आवाज बातमीदाराच्या कानातून थेट चौकात पोहोचणार. म्हणून तीन नियम ठरले. चौकात मोबाइलवर नव्हे, डीटीएचवर पाहणाऱ्या टीव्हीपाशी उभे राहायचे. ४० व्या फैरीपासून बातमीदाराच्या कानातला टॉकबॅक, म्हणजे स्टुडिओचा आवाज, बंद. पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या टिकरवर बातमी लगेच जाईल, पण अँकर चौकातला आवाज येईपर्यंत निकाल तोंडाने उच्चारणार नाही.

१ ऑगस्ट

फेरी वेळेवर सुरू झाली. गुडघ्यावरच्या पाच-पाच फैरींच्या तीन मालिकांत स्वप्नीलचे ५०.८, ५०.९, ५१.६, एकूण १५३.३ आणि क्रमांक सहावा. झोपून ५२.७, ५२.२, ५१.९, तिथे तो पाचवा. स्टुडिओतल्या जाणकाराने इथे तासाचे चीज केले. गुडघ्यावरून झोपण्याच्या स्थितीत जाताना पट्टा, जॅकेट, रायफलच्या दस्त्याची मापे बदलावी लागतात आणि घड्याळ चालूच असते, हे त्याने एका लाकडी काठीवर दाखवले. चित्र नसण्याची उणीव या पाच मिनिटांत जवळपास भरून निघाली.

उभ्याने ५१.१ आणि ५०.४. चाळीस फैरींना ४११.६. मग एकेक फैर: १०.५, ९.४, ९.९. त्रेचाळिसाव्या फैरीनंतर चौथा बाद झाला आणि ‘पदक निश्चित’ ही पट्टी हवेत गेली. चव्वेचाळिसावी फैर १०.०. एकूण ४५१.४, कांस्य. सुवर्ण चीनच्या लिऊ युकुनला ४६३.६ वर, रौप्य युक्रेनच्या सेर्ही कुलिशला ४६१.३ वर.

टॉकबॅकचा नियम पाळला गेला. चौकातला जल्लोष अँकरच्या घोषणेच्या आधी हवेत गेला आणि तो अस्सल होता.

त्यानंतर काही मिनिटांतच चित्र गोठले. गावातल्या प्रत्येक हातात मोबाइल होता, प्रत्येक जण व्हिडिओ पाठवत होता, बाकीच्या वाहिन्यांची बॅकपॅकेही त्याच टॉवरवर होती. चार सिमकार्डे चार कंपन्यांची असली तरी गर्दीने टॉवरच भरले तर त्यांचा उपयोग नाही. वेग आधी दीड एमबीपीएसवर आणि मग जवळपास शून्यावर आला. डेस्कने फोनवरून बातमीदाराचा आवाज घेतला, पडद्यावर आधी चित्रित केलेली गावाची दृश्ये ठेवली. कॅमेऱ्यातल्या कार्डवर सगळे रेकॉर्ड होत होते, म्हणून काही गमावले नाही. पण ते थेट दाखवण्याची वेळ निघून गेली. कॅमेरामन कार्ड घेऊन गावाबाहेर मोकळ्या टॉवरपाशी गेला आणि तिथून फाइल धाडली.

शातोरूहून पॅरिस पथकाचे लाइव्ह मात्र सुरळीत चालले. रेंजबाहेर पडणाऱ्या भारतीय प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया मिळाल्या. स्पर्धेची दृश्ये ठरल्याप्रमाणे संध्याकाळी ६ ला आणि रात्री १० ला, दोन-दोन मिनिटे. हक्कधारकांकडून एकही तक्रार आली नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिले, यादी नावांवर नव्हे तर वेळापत्रकावर करायला हवी होती. महाराष्ट्राच्या प्रत्येक खेळाडूसमोर चार रकाने: पात्रता फेरीचा दिवस, अंतिम फेरीचा दिवस, मधले तास आणि गावापर्यंत लाइव्ह किट पोहोचायला लागणारे तास. चौथा आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा असेल तिथे किट पात्रता फेरीच्या आधीच निघाले पाहिजे. नेमबाजीत हे अंतर बहुधा एका दिवसाचे किंवा त्याहून कमी असते. हा तक्ता मे महिन्यात भरला असता तर कांबळवाडी ‘इतर’मध्ये राहिलीच नसती.

दुसरे, जोडणी. सकाळी मिळालेला वेग ही फक्त सकाळची गोष्ट. चाचणी गर्दी गृहीत धरूनच करायची असते. ग्रामपंचायत, शाळा किंवा एखाद्या दुकानातले वायरचे ब्रॉडबँड आदल्या दिवशी फोन करून मागता आले असते. बॅकपॅकला लॅन केबल जोडता येते आणि त्या वायरवर गर्दीचा परिणाम फारच कमी होतो. पन्नास मीटर केबल सोबत असती तर दुपारचे ते लाइव्ह वाचण्याची बरीच शक्यता होती. ओबी पुरावर ठेवणे बरोबर होते, पण ओबी नसेल तर दुसरी वाट कोणती, हा प्रश्न बैठकीत कोणी विचारलाच नाही.

ओबी आणली असती तरी ती रामबाण ठरली नसती. या व्हॅन केयू बँड या उपग्रह-लहरींच्या पट्ट्यावर चालतात आणि जोरदार सरीत तो सिग्नल ढासळतो. राधानगरीच्या पावसात उपग्रह आणि मोबाइल, दोन्ही वाटा लागतात.

तिसरे, पॅरिसच्या खर्चाचे वजन. पथक पाठवू नये असे आम्ही म्हणत नाही. पण दोघांपैकी एकच जण गेला असता आणि वाचलेल्या पैशात सतरा दिवसांसाठी आणखी दोन बॅकपॅक भाड्याने घेतली असती, तर महाराष्ट्रातली चित्रे दुप्पट झाली असती.

आठवड्याने: मांडवा

७ ऑगस्टच्या रात्री अविनाश साबळेच्या अंतिम शर्यतीसाठी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडव्याला पथक गेले तेव्हा वरच्या चुकांपैकी दोन दुरुस्त झाल्या होत्या. किट तो अंतिम फेरीत पोहोचताच निघाले आणि वायरच्या ब्रॉडबँडची जागा आधी बघून ठेवली. शर्यत आपल्याकडे मध्यरात्र उलटून १ च्या पुढे, साबळे ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत अकरावा. पदक नसल्यास काय दाखवायचे, हे या वेळी कागदावर होते: रात्री फक्त निकाल आणि बातमीदाराचे दोन मिनिटांचे लाइव्ह, गावकऱ्यांच्या प्रतिक्रिया सकाळी ७ च्या बातमीपत्रात, आणि घराच्या दारात रात्री कॅमेरा न्यायचा नाही. ते जसेच्या तसे पाळले गेले.

उशीराचे गणित मात्र तिथेही पुन्हा मांडावे लागले. मैदानी शर्यतीत निकाल-संकेतस्थळ नेमबाजीसारखे फैरीफैरीने पुढे सरकत नाही, आकडे एकदम येतात. त्यामुळे डेस्कला टीव्हीच्या आधी काहीच कळत नव्हते आणि टॉकबॅक बंद ठेवण्याची गरज उरली नाही. खेळ बदलला की हा नियम नव्याने तपासावा, अशी ओळ वाहिनीच्या पुढच्या स्पर्धांच्या तक्त्यात आता पाचव्या रकान्याच्या रूपाने आली आहे.